लंडनचं व्हिक्टोरिया मेमोरियल पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

अरे वा, बकिंगहॅम पॅलेस या राजवाड्यासमोरचं राणी व्हिक्टोरियाचं संगमरवरी स्मारक बघायला पहिल्यांदा जाताय, मस्तच! खूप वाचून जायची गरज नाही, दोन-तीन गोष्टी सांभाळा बस.

१) राजवाड्याचे पहारेकरी समारंभाने बदलतात (गार्ड बदलणं), त्या दिवशी सकाळी अकराच्या आसपास जाऊ नका. सगळ्यांची पहिली चूक हीच. पायऱ्यांवर जत्रा असते, संगमरवर सोडा, समोरच्याची बॅकपॅक तेवढी दिसते. सकाळी लवकर जा, राणीच्या पुतळ्याचं तोंड द मॉल नावाच्या रस्त्याकडे आहे त्यामुळे कोवळं ऊन नेमकं तिच्यावर येतं आणि फोटोही चांगले निघतात.

२) दुसरी चूक म्हणजे पायऱ्या चढायच्या, बकिंगहॅम पॅलेससोबत सेल्फी काढायचा आणि निघायचं. अहो, एक पूर्ण चक्कर मारा ना! राणी फक्त एका बाजूला आहे, बाकी बाजूंना न्याय, सत्य आणि राजवाड्याकडे तोंड करून मातृत्व, वर सोन्याचा मुलामा दिलेली विजयदेवता, आणि खाली पाण्याजवळ जलपऱ्या वगैरे, कारण सगळी थीमच समुद्री सत्तेची आहे (ती सत्ता कोणाच्या जिवावर, हे आपल्याला वेगळं सांगायला नको). साधारण २५ मीटर उंच आहे, त्यामुळे आधी लांबून बघा, मग जवळ जा.

३) पावसात पायऱ्या निसरड्या होतात, बूट नीट घाला.

शिल्पकार थॉमस ब्रॉक, अनावरण १९११, सुरुवातीला एवढं पुरे. तिकीट नाही. ग्रीन पार्क स्टेशनला उतरा, बागेतून चालत या.