‘निगेटिव्ह’ म्हणजे चांगलंच ना?

प्रश्न : थोरल्या बहिणीच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा सुईनं काढून तपासला. रिपोर्टात ‘लोब्युलर कार्सिनोमा, ई-कॅडहेरिन निगेटिव्ह, हर-टू २+’ असं लिहिलंय. निगेटिव्ह वाचून घरच्यांचा जीव भांड्यात पडला. पण भाचा म्हणतो, हे प्रथिन नसलं की कॅन्सर पसरतो. खरं काय?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, चुकलं दोघांचंही, भाच्याचं जरा कमी.

निगेटिव्ह म्हणजे काचेवर त्या प्रथिनाचा तपकिरी रंग उमटला नाही, एवढंच. ई-कॅडहेरिन पेशीच्या आवरणात रुतलेलं असतं. बाहेरचं टोक शेजारणीचं ई-कॅडहेरिन धरून, आतलं पेशीच्या सांगाड्याला बांधलेलं. निरोगी दूधनलिकेत प्रत्येक पेशीची कड तपकिरी रेघेनं आखल्यासारखी दिसते, खुराड्याच्या जाळीगत. लोब्युलर, म्हणजे बहिणीच्या प्रकारच्या कॅन्सरात बहुधा ही रेघच नसते. सुट्या पेशी अंबाबाईच्या दर्शनरांगेसारख्या एकामागे एक उभ्या. म्हणून गाठ हाताला नीट लागत नाही, मॅमोग्राफीतही आजार लपतो. उमेदवारीत मी काखेतल्या गाठीतल्या अशा विखुरलेल्या पेशी साध्या पांढऱ्या पेशी समजून सोडून दिल्या होत्या. सरांनी काही न बोलता स्लाइड परत माझ्याकडे सरकवली.

पण हात सुटला म्हणजे पळता येतं असं नाही. सरकायला पाय रोवावा लागतो. ते काम आवरणावरच्या इंटिग्रिनांचं. माणसात त्यांचे २४ प्रकार. बाहेर ती कोलॅजनसारखे धागे धरतात, आत सांगाड्याला जोडलेली असतात. पुढची पकड बसली की मागची सुटायला हवी. नुसतं घट्ट धरून बसलेली पेशी जागची हलत नाही. गंगावेस तालमीतलं पोरगंही हे सांगेल. वाट दाट असेल तर धागे कापायला आवरणावरच एक कात्री असते : एमटी-वन-एमएमपी, १९९४ साली जपानी संशोधकांनी शोधलेली. अशा कात्र्या बोथट करणारी औषधं मोठ्या आशेनं आली आणि रुग्णांवरच्या चाचण्यांत पडली. एक वाट बंद केली की पेशी दुसरी शोधते, असं माझं मत.

आणि भाच्याला हेही सांगा : बहुतेक डक्टल, म्हणजे स्तनाच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारच्या, कॅन्सरांत ई-कॅडहेरिन शाबूत असतं, तरी ते पसरतात, टोळीनं. त्यामुळे बहिणीच्या रिपोर्टातली ही ओळ आजाराची जात सांगते. तो कुठवर गेलाय ते काखेतल्या गाठी आणि स्कॅनवरून ठरेल.

तुम्ही ज्याच्याबद्दल विचारलंच नाही, ते ‘हर-टू २+’ मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हेही आवरणावरचंच प्रथिन. २+ म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही. ३+ असतं तर सरळ पॉझिटिव्ह, प्रश्न मिटला असता. आता फिश नावाची, हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजणारी तपासणी करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली तर याच प्रथिनाला चिकटणारं ट्रॅस्टुझुमॅब उपयोगी पडू शकतं. ते १९९८ पासून वापरात आहे. फिशसाठी सहसा पुन्हा सुई टोचावी लागत नाही. आधी काढलेला तुकडा ज्यात जपून ठेवलाय तो मेणाचा ब्लॉक लॅबमधून मागून घ्या, आणि घरी नेताना उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका.