सपाट वसाहतीवरचे हँग ग्लायडर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची वसाहत अगदी सपाट जमिनीवर आहे. जवळपास डोंगर तर सोडाच, साधी टेकडीही नाही. तरीही गेल्या काही आठवड्यांपासून दुपारच्या वेळी घरांवर खूप उंचावर त्रिकोणी पंखांची, आवाज न करणारी एखादी आकृती फिरताना दिसते. शेजारी कोणी तिला ड्रोन म्हणतात, कोणी मोठा पतंग. ते हँग ग्लायडर असू शकेल का? असल्यास, डोंगर नसताना ते येथे येते कोठून?

उत्तर : आपल्या वर्णनावरून ते हँग ग्लायडरच असण्याची शक्यता दाट आहे. त्याला उड्डाणासाठी डोंगर लागतोच, हा समज सर्वत्र आढळतो. परंतु उतारावरून धावत जाऊन हवेत झेपावणे ही उड्डाणाची एक पद्धत झाली. सपाट प्रदेशात ग्लायडर दोराने ओढून वर नेतात. कधी जमिनीवरील विंच दोर गुंडाळत जाते आणि ग्लायडरला उंची मिळते, तर कधी अगदी कमी वेगाने उडू शकणारे एक हलके विमान त्याला आपल्यामागे ओढत नेते. साधारणपणे सहाशे मीटर उंची गाठली की ग्लायडरचा वैमानिक दोर सोडतो, विमान वळून झपाट्याने खाली उतरते आणि ग्लायडर आकाशात एकटे उरते. आपण त्याला पाहता तेव्हा हा सारा खटाटोप दूर कोठेतरी उरकलेला असतो, म्हणून ते अवचित प्रकट झाल्यासारखे वाटते.

दोराने ओढणे ही सपाट प्रदेशासाठी नंतर काढलेली तडजोड आहे, असेही नाही. फ्रान्सिस रोगॅलो आणि त्यांच्या पत्नी गर्ट्रूड यांनी 1948 मध्ये अमेरिकेत लवचीक कापडी पंखाची कल्पना सिद्ध केली. पुढे 1963 मध्ये ऑस्ट्रेलियातील ग्राफ्टन येथे जॉन डिकन्सन यांनी अशाच पंखाखाली त्रिकोणी दांडी बसवून आजच्या हँग ग्लायडरचा आराखडा उभा केला, आणि ते ग्लायडर नदीच्या पाण्यावर मोटारबोटीमागे बांधून उडवले गेले. इतकेच नव्हे, तर 3 जुलै 2012 रोजी डस्टिन मार्टिन यांनी 764 किलोमीटरचे जे विक्रमी उड्डाण केले, तेही टेक्सासमधील झपाटा येथून, म्हणजे सपाट मुलखातून, दोराने ओढून घेऊनच सुरू झाले होते. उंची एकदा मिळाली की चांगले ग्लायडर स्थिर हवेत एक किलोमीटर खाली येईपर्यंत दहा ते पंधरा किलोमीटर पुढे जाते. त्यामुळे उड्डाणाचे मैदान आपल्या वसाहतीपासून बरेच दूर असले तरी ग्लायडर आपल्या डोक्यावर दिसावे यात नवल नाही.

प्रश्न : पॅराग्लायडर, हँग ग्लायडर, लांब पंखांचे ग्लायडर विमान आणि घार यांतला फरक उघड्या डोळ्यांनी कसा ओळखावा?

उत्तर : पंखाच्या आकारापासून सुरुवात करावी. हँग ग्लायडरचा पंख अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांवर ताणलेला असल्याने त्याच्या कडा सरळ व रेखीव दिसतात. समोरचे टोक पुढे आलेले आणि दोन्ही बाजू मागे झुकलेल्या असतात. वैमानिक पंखाखाली पालथा, लांब पिशवीसारख्या हार्नेसमध्ये असतो, म्हणून खालून पाहताना पंखाच्या मध्यावर एक आखूड, जाड रेघ दिसते. पॅराग्लायडरला सांगाडा नसतो. त्याचा पंख कमानीसारखा वाकलेला असतो आणि बसलेला वैमानिक अनेक मीटर खाली लोंबत असतो, त्यामुळे पंख आणि माणूस यांच्यामध्ये आकाशाची मोकळी जागा स्पष्ट दिसते. ग्लायडर विमानाचे पंख अरुंद व फार लांब असतात आणि त्याला शेपूट असते. त्रिकोणी पंखाला इंजिनाचा सततचा आवाज आणि खाली चाके असतील, तर ते मोटार बसवलेले हलके विमान समजावे.

घारीच्या बाबतीत मात्र अनुभवी निरीक्षकही फसतात, कारण उंचावरची घार मिनिटभर पंख न हलवता तरंगू शकते. अशा वेळी घाई करू नये. घार शेपटी तिरकी करते, पंखांची टोके सतत थोडी थोडी सावरते आणि कधीतरी एकदा पंख फडकवतेच. ग्लायडरचे वळण संथ आणि एकसंध असते. त्यातली एक खूण मला फार विश्वासार्ह वाटते. ग्लायडर घिरट्या घालत असताना त्याचा कापडी पंख एका बाजूला कलतो. वर्तुळाच्या एका भागात त्याचा संपूर्ण पृष्ठभाग आपल्याकडे वळून उन्हात लखकन चमकतो आणि दुसऱ्या भागात केवळ कड समोर आल्यामुळे ग्लायडर आकाशातून जणू पुसले जाते. पंधरा-वीस सेकंदांनी तीच चमक पुन्हा, थोड्या सरकलेल्या जागी दिसली, तर आपण ग्लायडरच पाहत आहात असे बहुधा खात्रीने म्हणता येईल.

प्रश्न : ते एकाच जागी घिरट्या का घालते? आणि इंजिनाशिवाय इतका वेळ वर राहते कसे? त्याची उंची खालून मोजता येईल का?

उत्तर : स्थिर हवेत हँग ग्लायडर सेकंदाला साधारण एक मीटर या गतीने खाली येत असते. सहाशे मीटरवर दोर सोडलेले ग्लायडर केवळ घसरत राहिले, तर दहा-बारा मिनिटांत जमिनीवर पोहोचेल. त्याहून जास्त वेळ ते आकाशात दिसत असेल, तर त्याला वर चढणारी हवा सापडली आहे. ऊन चढू लागले की जमीन सर्वत्र सारखी तापत नाही. डांबरी रस्ते, कोरडी नांगरलेली शेते, वाहनतळ आणि छपरे लवकर तापतात. तळी, झाडी आणि ओली जमीन मागे राहते. तापलेल्या जागेवरची हवा हलकी होऊन मोठ्या स्तंभासारखी वर चढू लागते. वैमानिक तिला थर्मल म्हणतात. आपली वसाहत सपाट असली, तरी छपरे, रस्ते आणि बागा यांच्या सरमिसळीमुळे तिच्यावरची हवा मुळीच एकसारखी नसते, आणि त्यामुळेच ग्लायडर तेथे थबकते.

या स्तंभाची रुंदी मर्यादित असल्याने सरळ पुढे गेले की तो हातचा जातो. म्हणून वैमानिक त्याच्या आतच वर्तुळे घेत राहतो. त्याच्याजवळ व्हॅरिओमीटर नावाचे उपकरण असते. हवा वर नेत असेल तर ते टिकटिकते आणि चढण्याची गती वाढेल तसा तो सूर जलद होतो. सेकंदाला दोन मीटर चढ मिळाला, तरी दहा मिनिटांत बाराशे मीटरची भर पडते. वारा असेल तर हा स्तंभ वाऱ्याच्या दिशेने सरकतो व त्याच्यासह वर्तुळेही सरकतात. ती कोणत्या बाजूला सरकत आहेत हे पाहून वरच्या वाऱ्याची दिशा घरबसल्या कळते, आणि ती जमिनीवरील वाऱ्याहून वेगळी असू शकते. घारी आणि ग्लायडर एकाच स्तंभात फिरताना दिसणे हे अगदी नेहमीचे आहे. पक्षी वर चढताना दिसले की वैमानिक मुद्दाम तिकडे वळतात.

उंचीचा अंदाज चंद्राच्या आधारे करता येतो. हँग ग्लायडरचा पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण दहा मीटर असतो. तो बरोबर डोक्यावर एक किलोमीटर उंचीवर असेल, तर पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाएवढा किंवा किंचित मोठा दिसतो. दिवसा चंद्र नसेल, तेव्हा हात पूर्ण ताणून करंगळी आकाशावर धरावी; तिची रुंदी ढोबळमानाने चंद्राच्या दुप्पट भरते. पंख करंगळीच्या अर्ध्या रुंदीचा दिसला तर अंतर सुमारे एक किलोमीटर, आणि पाव रुंदीचा दिसला तर दोन किलोमीटर. ग्लायडर तिरप्या दिशेला असेल, तर हे माप उंचीचे नसून आपल्यापासूनच्या सरळ अंतराचे असते, एवढे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : पाहण्यासाठी कोणती वेळ चांगली? दुर्बीण लागेल का?

उत्तर : उन्हामुळे चढणारी हवा साधारणपणे सकाळ सरता सरता जागी होते, दुपारी जोर धरते आणि सूर्यास्तापूर्वी मंदावते. निळ्या आकाशात तळ सपाट आणि माथा कापसासारखा फुगलेला असे सुटे पांढरे ढग दिसू लागले, की त्यांच्या तळाखाली नजर फिरवावी, कारण असा ढग बहुधा चढणाऱ्या हवेच्या माथ्यावरच तयार होतो. भल्या सकाळी व संध्याकाळी हवा शांत असल्याने नवशिक्यांची उड्डाणे त्या वेळी होतात. ती छोटी असतात आणि मैदानापासून दूर जात नाहीत.

आठ पट मोठे दाखवणारी दुर्बीण पुरेशी आहे. त्याहून मोठी घेतली तर हात हलल्याने चित्र थरथरते आणि दृष्टिक्षेत्र अरुंद झाल्यामुळे ग्लायडर सापडतही नाही. प्रथम उघड्या डोळ्यांनी शोधावे आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांना लावावी. दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभरही पाहू नये, अन्यथा दृष्टीला कायमची इजा होऊ शकते. सूर्य घराच्या भिंतीआड जाईल अशा सावलीच्या जागी उभे राहावे आणि हा नियम मुलांना दुर्बीण देण्यापूर्वी नीट समजावून सांगावा.

प्रश्न : वैमानिकाला आम्ही दिसतो का?

उत्तर : घरे, रस्ते आणि वाहने स्पष्ट दिसतात, एक किलोमीटर उंचीवरून उभा माणूस जेमतेम ठिपक्याएवढा दिसतो.

प्रश्न : हे ग्लायडर घरांवर कोसळण्याची भीती आहे का? आणि ते जवळच्या मोकळ्या मैदानात उतरले, तर आम्ही काय करावे?

उत्तर : नियम देशागणिक वेगळे असले, तरी जाणता वैमानिक वस्तीवरून जाताना मोकळे मैदान आपल्या घसरणीच्या टप्प्यात राहील एवढी उंची राखतोच. समोरचा वारा आणि खाली जाणारी हवा यांसाठी तो त्या हिशेबात भरपूर वजावट ठेवतो. त्याच्या हार्नेसमध्ये संकटकालीन पॅराशूटही असते. खाली राहणाऱ्यांकडून त्याला धोका संभवतो तो पतंगाच्या मजबूत दोऱ्यामुळे, जवळ नेलेल्या ड्रोनमुळे आणि त्याच्या दिशेने रोखलेल्या लेझरच्या किरणामुळे. या तिन्ही गोष्टी मुलांना निक्षून टाळायला सांगाव्यात. गंमत म्हणून रोखलेला लेझर माणसाचे डोळे दिपवू शकतो, आणि एकट्याने उडणाऱ्या वैमानिकाच्या मदतीला दुसरे कोणी नसते.

उतरण्याची चिन्हे दिसली, म्हणजे ग्लायडर खालच्या उंचीवर मैदानाभोवती वळणे घेऊ लागले, की मैदान ताबडतोब मोकळे करावे आणि मुले व कुत्री यांना कडेला घ्यावे. वैमानिक वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उतरतो. वरून त्या दिशेचा अंदाज घेण्यासाठी तो धूर, झेंडा, गच्चीवर वाळत घातलेले कपडे अशा खुणा शोधत असतो. शेवटच्या क्षणी तो दांडी पुढे ढकलून पंखाचे नाक उचलतो आणि पायांवर उभा राहतो, त्यामुळे त्याला समोर मोकळी जागा लागते. मदतीच्या भावनेनेही धावत पुढे जाऊ नये. विजेच्या तारांत ग्लायडर अडकले तर त्याला किंवा वैमानिकाला हात न लावता वीजपुरवठा बंद करवून घ्यावा. वैमानिक पडून जखमी झालेला दिसला, तर त्याला न हलवता आपत्कालीन मदत बोलवावी.

तो सुखरूप उतरला असेल तर आधी त्याला दोर-पट्टे सोडवू द्यावेत, आणि पंखाच्या कापडावर व तारांवर कोणी पाय देणार नाही याची काळजी घ्यावी. ग्लायडरची घडी घालायला बराच वेळ लागतो आणि त्या वेळात बहुतेक वैमानिक मोकळेपणाने बोलतात. शेवटची चढणारी हवा त्याला कोठे सापडली हे अवश्य विचारावे. वसाहतीतील नेमका कोणता वाहनतळ किंवा कोणते छप्पर, हे तो सहसा बोट दाखवून सांगू शकतो.