जॉइनिंग बोनस घेऊ की फिक्स्ड वाढवून मागू?

प्रश्न : मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते. सध्या फिक्स्ड 13 लाख आहे. हिंजवडीतल्या एका कंपनीने 18 लाखांची ऑफर दिली आहे. फिक्स्ड 14 लाख 40 हजार, व्हेरिएबल 1 लाख 80 हजार आणि तेवढाच जॉइनिंग बोनस. वर्षाच्या आत सोडलं तर बोनस परत करायचा. नवरा म्हणतो, घासाघीस केलीस तर ऑफर हातची जाईल. मागू का? काय मागू?
– एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : ताई, 18 लाख हा आकडा आधी डोक्यातून काढा. पुढच्या वर्षी बोनस नाही, म्हणजे उरले 16 लाख 20 हजार, आणि त्यातलं व्हेरिएबल कंपनीच्या मर्जीवर. तुलना करायची ती 13 आणि 14.40 ची. ही वाढ जेमतेम 11 टक्के. त्यातही पत्रामागचा तक्ता बघा. बेसिक 60 हजार असेल तर कंपनीचा पीएफ 7,200 आणि ग्रॅच्युइटीचे 2,886 बहुधा याच 14.40 मध्ये धरलेले असतील. महिन्याचे हे दहा हजार हातात येत नाहीत.

मी बरीच वर्षं एचआरमध्ये ऑफर लेटरं काढली. बँडची, म्हणजे त्या पदासाठी ठरलेल्या पगाराच्या पट्ट्याची, मर्यादा आली की आम्ही जॉइनिंग बोनस पुढे करायचो. तो एकदाच द्यायचा असतो आणि टीममधल्या जुन्या माणसांच्या पगाराशी त्याची तुलना होत नाही. तुमच्या दृष्टीने गणित उलटं आहे. पुढची वाढ टक्क्यांत मिळणार आणि ते टक्के फिक्स्डवर लागणार. म्हणून आधी फिक्स्ड मागा.

मेल चार ओळींचा पुरे : ‘मला तुमच्याकडे यायचंय. फिक्स्ड 15 लाख 50 हजार होत असेल तर आजच होकार कळवते. गरज पडल्यास जॉइनिंग बोनस कमी केलात तरी चालेल.’ एवढं लिहून थांबा. गृहकर्जाचा हप्ता, मुलांची फी यातलं काही लिहू नका, एचआरच्या तक्त्यात त्याला रकाना नसतो. दुसरी ऑफर नसताना आहे असंही सांगू नका. दाखवा म्हटलं की पंचाईत.

बँड संपलाय असं उत्तर आलं, तर बोनसच्या अटींवर बोला. बोनस पगारातच धरला जातो आणि त्यावर टीडीएस कापला जातो. तुमच्या टप्प्यात नव्या करप्रणालीनुसार 15 टक्के आणि वर सेस, म्हणजे साधारण 28 हजार. हातात येतील 1 लाख 52 हजार, आणि आठव्या महिन्यात सोडलंत तर मागतील पूर्ण 1 लाख 80 हजार! म्हणून ‘हातात मिळालेली रक्कम, उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात’ असं पत्रात लिहून घ्या. कंपनीनेच काढलं तर वसुली नाही, हेही.

आणखी एक. नोटीस पीरियड 90 दिवसांचा असेल आणि त्यांना तुम्ही लवकर हव्या असाल, तर बायआउटचा, म्हणजे उरलेल्या नोटीसच्या बदल्यात जुन्या कंपनीला भरायच्या पैशांचा, खर्च वेगळा मागा. नाहीतर हा बोनस जुन्या कंपनीच्या खिशात जायचा.

मिस्टरांची भीती अगदीच खोटी नाही. पण एकदा, नीट शब्दांत मागितलं म्हणून आम्ही सहसा ऑफर मागे घेत नसू. चिडचिड व्हायची ती होकार देऊन पुन्हा आकडा वाढवणाऱ्यांची. सुधारित पत्र सहीनिशी हातात येईपर्यंत मात्र जुन्या कंपनीत राजीनामा टाकू नका. ‘पत्र सोमवारी पाठवतो’ हे फोनवर मीही पुष्कळांना सांगितलेलं आहे.