लिनक्स मिंट टाकून झालं, आता थीमच्या आधी काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: 8 जीबी रॅम आणि 256 जीबी एसएसडीचा लॅपटॉप, विंडोजच्या शेजारी लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती. रात्री झाकण बंद करून ठेवला की सकाळपर्यंत बॅटरी बरीच उतरलेली असते, विंडोजमध्ये जाऊन आलं की घड्याळ चुकतं, टॅब वाढले की मशीन अडखळतं, मराठी टाइप करायचं आहे, आणि थीम कोणती टाकू?

थीम सगळ्यात शेवटी. आधी खालचं सगळं ठाकठीक करा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. चार बदल एकदम केले आणि पाचव्या दिवशी वाय-फाय गेलं, तर दोष कशाचा हे शोधत बसावं लागतं. (पुढे आज्ञा आणि फाइलींची नावं देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.)

म्हणून पहिलं काम टाइमशिफ्ट, म्हणजे प्रणालीच्या प्रती (स्नॅपशॉट) ठेवून गरज पडली की मागे नेणारं साधन. मिंटमध्ये ते आधीपासून असतं. आरसिंक प्रकार निवडा, रोजचे 2 आणि आठवड्याचा 1 स्नॅपशॉट ठेवा. 256 जीबीत याहून जास्त ठेवले तर डिस्क कधी भरली ते कळतही नाही. स्नॅपशॉट लिनक्सच्याच विभाजनावर, म्हणजे ईएक्सटी4 वर जातो, विंडोजच्या एनटीएफएसवर नाही. टाइमशिफ्ट प्रणाली परत आणतं, तुमचे फोटो आणि कागदपत्रं नाहीत, कारण होम फोल्डर त्यात मुद्दाम वगळलेलं असतं. त्यांची प्रत वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर हवीच. प्रणाली सुरूच होत नसेल तर मिंटच्या लाइव्ह यूएसबीवरूनही टाइमशिफ्ट उघडून मागे जाता येतं. ती पेनड्राइव्ह पुसून टाकू नका.

विंडोजच्या बाजूची तीन कामं लगेच उरका. एक, बिटलॉकर (विंडोजची डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की लॅपटॉपच्या बाहेर कुठेतरी लिहून ठेवा. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) सिक्युअर बूटला, म्हणजे फक्त सही असलेली प्रणाली सुरू होऊ देणाऱ्या सेटिंगला, हात लावलात की विंडोज ती मागू शकतं. दोन, पॉवर ऑप्शन्समधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट हायबरनेट होतं, म्हणजे आपली स्थिती डिस्कवर ठेवून थांबतं. मग लिनक्स ते विभाजन फक्त वाचायला उघडतं आणि फाइल सेव्ह का होत नाही म्हणून आपण परवानग्या तपासत बसतो. तीन, घड्याळ. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं आणि विंडोज स्थानिक वेळ, त्यामुळे दोघं एकमेकांची वेळ बिघडवतात. टाइमडेटसीटीएल ही आज्ञा वापरून लिनक्सलाच स्थानिक वेळेवर आणता येतं, पण तसं केलं की ती आज्ञा स्वतःच इशारा देते. विंडोजला यूटीसी शिकवणं जास्त बरं. त्यासाठी रजिस्ट्रीत टाइमझोनइन्फर्मेशन या जागी रिअलटाइमइजयुनिव्हर्सल नावाची डीवर्ड नोंद करून तिची किंमत 1 ठेवायची.

आता मुख्य दुखणं, रात्री उतरणारी बॅटरी. झोपण्याचे दोन प्रकार असतात. 'एस2आयडल'मध्ये प्रोसेसर नुसता निवांत बसतो, बाकी बरंच जागं असतं. 'डीप'मध्ये रॅम सोडून जवळपास सगळ्याचा वीजपुरवठा तुटतो. हिशेब करून बघा: बॅटरी 50 वॉट-तासांची आहे आणि झोपेत मशीन 2 वॉट खातंय, तर 8 तासांत 16 वॉट-तास, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश बॅटरी गेली. तेच अर्धा वॉट असेल तर 4 वॉट-तास.

सिस फोल्डरातल्या पॉवरमधली मेम_स्लीप ही फाइल कॅट या आज्ञेने वाचा. तुमच्या मशीनला जमणाऱ्या प्रकारांची नावं दिसतील आणि चालू असलेलं चौकटी कंसात असेल. कंस एस2आयडलभोवती असेल आणि शेजारी डीपही असेल, तर लगेच ग्रबच्या (मशीन चालू होताना प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइलीत हात घालू नका. आधी त्याच मेम_स्लीप फाइलीत रूट अधिकाराने 'डीप' हा शब्द लिहून झाकण बंद करा, दहा मिनिटांनी उघडा. हा बदल रीस्टार्टपर्यंतच टिकतो, त्यामुळे मशीन जागं झालं नाही तर पॉवर बटण दाबून धरायचं की सगळं पूर्ववत. दोन-तीन वेळा नीट जागं झालं, वाय-फाय आणि टचपॅड परत आले, तरच ईटीसी/डिफॉल्टमधल्या ग्रब फाइलीत, सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्टच्या ओळीत अवतरणचिन्हांच्या आत मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप जोडा आणि अपडेट-ग्रब चालवा. अपडेट-ग्रब विसरलात तर फाइल बदलूनही काहीच बदलत नाही.

फाइलीत डीप दिसतच नसेल तर तो फर्मवेअरचा, म्हणजे मशीनच्या बायोसचा, निर्णय आहे. काही थिंकपॅडच्या बायोसमध्ये स्लीप स्टेट या नावाखाली 'लिनक्स' असा पर्याय असतो, तो बघा. नसेल तर हायबरनेट उरतं. पण त्यासाठी रॅममधला मजकूर मावेल एवढा डिस्कवरचा स्वॅप (रॅमला पूरक म्हणून राखलेली जागा) लागतो आणि सिक्युअर बूट चालू असताना मिंटचं कर्नल (प्रणालीचा गाभा) हायबरनेट करू देत नाही. एवढा खटाटोप करण्यापेक्षा रात्री सरळ बंद करा. एसएसडीवर सुरू व्हायला वेळ तो किती लागतो!

दिवसाच्या बॅटरीसाठी टीएलपी हा वीज वाचवणारा प्रोग्रॅम टाका, पण एक बघून. पॅनलवरच्या बॅटरीच्या चिन्हात पॉवर मोड निवडता येत असतील तर पॉवर-प्रोफाइल्स-डीमन ही तेच काम करणारी सेवा आधीच चालू आहे. दोन्ही एकाच सेटिंगशी खेळतात, तेव्हा एकच ठेवा. टीएलपीचा खरा फायदा चार्जिंगची मर्यादा ठरवण्यात आहे. लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच असेल तर सुरुवात 75 आणि थांबा 80 टक्क्यांवर लावा. तुमच्या मशीनला हे जमतं का, ते टीएलपी-स्टॅटला बी पर्याय देऊन कळतं. पॉवरटॉप या दुसऱ्या वीज वाचवणाऱ्या साधनाचं ऑटो-ट्यून मात्र डोळे झाकून लावू नका. ते यूएसबी उपकरणांनाही झोपवतं आणि माउस दोन क्षण थांबला की पुढची हालचाल गिळतो.

टॅब वाढल्यावर अडखळणं हा 8 जीबीचा दोष आहे, आणि झेडरॅमने तो बराच सुसह्य होतो. रॅममधलीच न लागणारी पानं (माहितीचे तुकडे) दाबून लहान करून रॅममध्येच ठेवायची, डिस्कवर पाठवायची नाहीत, एवढंच ते करतं. झेडरॅम-टूल्स हे पॅकेज टाका, ईटीसी/डिफॉल्टमधल्या झेडरॅमस्वॅप फाइलीत अल्गोरिदम झेडएसटीडी आणि टक्केवारी 50 लिहा, सेवा रीस्टार्ट करा. झेडरॅमसीटीएल चालवल्यावर मूळ आकार आणि दाबलेला आकार शेजारी-शेजारी दिसतात. 'स्वॅपिनेस (स्वॅप किती उत्साहाने वापरायचा तो आकडा) 10 करा' हा जिकडेतिकडे सापडणारा सल्ला इथे उलटा पडतो. तो डिस्कवरच्या स्वॅपसाठी होता. झेडरॅम असताना मूळचे 60 किंवा त्याहून जास्तच ठेवा.

मराठी. रोज पानंच्या पानं लिहायची असतील तर इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड शिका, आठवडाभर जड जातं. त्यासाठी वेगळं काही टाकावं लागत नाही: सिस्टम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, लेआउट्स, अधिकचं चिन्ह, मराठी. यादीत इंग्रजी पहिलं राहू द्या. मराठी पहिलं ठेवलंत आणि लॉक स्क्रीनवर तेच चालू राहिलं तर बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो, कारण तिथे नुसते ठिपके दिसतात. पासवर्ड विसरलो असं समजून प्रणाली पुन्हा टाकण्याआधी कोपऱ्यातलं भाषेचं चिन्ह बघा.

इनस्क्रिप्टमध्ये नवशिके सगळ्यात जास्त अडतात ते ऱ्यावर. र, हलन्त, य असं दाबलं की रफार येतो. 'सुऱ्या' लिहायला जाल आणि 'सुर्या' उमटेल. त्यासाठी नुक्त्याचा ऱ लागतो: शिफ्ट-जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग कान्यासाठी इंग्रजी ईची कळ. ळ शिफ्ट-एनवर आहे.

उच्चाराप्रमाणे रोमनमध्ये टाइप करायची सवय असेल तर आयबस (भाषांच्या टायपिंगची सोय) आणि आयबस-एम17एन ही पॅकेजं टाका, इनपुट मेथडमध्ये आयबस निवडा, लॉगआउट करून परत या आणि आयबसच्या प्राधान्यांत मराठी आयट्रान्स ही रोमनमधून टाइप करायची पद्धत जोडा. लॉगआउट न करता बघितलं तर काहीच चालत नाही आणि पॅकेजला उगाच नावं ठेवली जातात. आयट्रान्समध्ये शब्दाच्या शेवटीही इंग्रजी वर्णमालेतलं पहिलं अक्षर 'ए' टाइप करावं लागतं, नाहीतर शेवटच्या अक्षराचा पाय मोडलेला राहतो, 'घर्' असा.

लिब्रेऑफिसमध्ये मराठीचा फॉन्ट बदलत नाही असं वाटलं, तर पर्यायांतल्या भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) चालू करा. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार लॅटिनपेक्षा वेगळ्या खात्यात असतो, आणि रायटरच्या पर्यायांत त्यासाठी स्वतंत्र बेसिक फॉन्ट्सचं पान आहे. तिथे नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता ठेवा. जुनी फाइल उघडल्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसली तर ती युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीचं आजचं प्रमाण) येण्याआधीच्या फॉन्टात टाइप केलेली आहे. नवा युनिकोड फॉन्ट टाकून ती सुधारत नाही, कन्व्हर्टरमधूनच काढावी लागते.

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर ड्रायव्हर मॅनेजरमधला शिफारस केलेला ड्रायव्हर घ्या, संकेतस्थळावरून उतरवू नका. सिक्युअर बूट चालू असेल तर पासवर्ड मागितला जातो आणि पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो. तिथे एनरोल एमओके निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत एंटर दाबून पुढे गेलात तर ड्रायव्हर असूनही लोड होत नाही.

दिसण्याचं काय? अक्षरं बारीक वाटत असतील तर 125 टक्के स्केलिंग घेऊ नका. सिनॅमन एक्स11 या पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या यंत्रणेवर आधी मोठं चित्र काढतं आणि मग ते आकसतं, त्यात बॅटरी जाते आणि कडा किंचित पुसट होतात. फॉन्टच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट स्केलिंग 1.2 केलं की काम होतं. थीम मिंटसोबत येणाऱ्यांतलीच निवडा. बाहेरच्या थीम सिनॅमनची आवृत्ती बदलली की अर्धवट मोडतात, आणि मेनूतली अक्षरं पांढऱ्यावर पांढरी झाली की ती दुरुस्त करायला मेनूच वापरता येत नाही.