वजन कमी होतं तेव्हा चरबी नेमकी जाते कुठे? जास्त घाम गाळला तर पोट लवकर उतरतं का?

नाही उतरत. चरबी घामातून जात नाही, शौचावाटे जात नाही आणि तिचे स्नायू तर मुळीच होत नाहीत. बहुतांश चरबी कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते, उरलेल्या भागाचं पाणी होतं.

एवढ्यावर थांबले असते, पण घामाचं नाव काढलंत आणि आमच्या घरातली जुनी धुसफूस आठवली. माझ्या धाकट्या दिरांना त्यांच्या जिममधल्या ट्रेनरने पोटाला प्लास्टिक गुंडाळून, वर जाड जॅकेट चढवून पळायला लावलं होतं. ऐन मे महिन्यात. घरी आले की चपला काढायच्या आधी काट्यावर. “वहिनी, दीड किलो जळालं!”

मी रसायनशास्त्र शिकवते, गप्प कशी बसणार? किलोभर चरबी जाळायला साधारण 7,700 कॅलरी खर्च व्हाव्या लागतात. दीड किलोचा हिशोब केला तर माणसाला चार-पाच दिवस पुरेल इतकी ऊर्जा, आणि हे म्हणे तासाभरात! त्यांचा काळा टीशर्ट न्हाणीघरात पिळला तर पाण्याची धार लागली, दोरीवर वाळला तेव्हा पाठीवर मिठाचे पांढरे ओघळ उमटले होते. म्हटलं, भाऊजी, यात चरबी असती तर तुपाच्या कढईसारखा हा साबणाने घासावा लागला असता. त्यावर उत्तर काय, तर “तुमचं फळ्यावरचं फळ्यावर ठेवा, ट्रेनर सर्टिफाइड आहे.” रात्री जेवताना तांब्याभर ताक, वर पाणी. सकाळी काटा होता तिथे.

चरबी श्वासावाटे जाते हा हिशोब माझ्या मनचा नाही. ऑस्ट्रेलियातल्या रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी 2014 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तो मांडलाय. 10 किलो चरबी पूर्ण जळली तर त्यातली 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन जाते आणि 1.6 किलोचं पाणी होतं. त्यासाठी 29 किलो ऑक्सिजन आत घ्यावा लागतो. त्यांनी डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि ट्रेनर मंडळींना हाच प्रश्न विचारला, तर बहुतेकांनी “चरबीची ऊर्जा होते” असं सांगितलं. ऊर्जा मिळते हे खरंच, पण वस्तुमान कुठे गेलं? नववीतला द्रव्य अक्षय्यतेचा नियम परीक्षेपुरताच असतो का?

हे दाखवलं तर भाऊजी म्हणाले, परदेशी लोकांचं शरीर वेगळं असतं. अहो, रसायन तेच असतं! आपलं वेगळं आहे ते निराळ्याच बाबतीत. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांची तुलना 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच 22.3, पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या 21.2. त्यामुळे आमच्या ह्यांच्यासारख्या काटकुळ्या माणसांनीही फार मिशीला पीळ देऊ नये.

वजन उतरताना पोटाआधी चेहरा का बारीक होतो, तर कुठली चरबी आधी निघणार हे आनुवंशिकता आणि हार्मोन ठरवतात. तुम्ही-मी नाही. पोटाचे व्यायाम करून फक्त पोट उतरत नाही. चरबीच्या पेशीही वजन उतरलं म्हणून नाहीशा होत नाहीत, रिकाम्या होऊन आक्रसतात. म्हणून तर उतरलेलं वजन परत यायला वेळ लागत नाही.

आता कोणी बसल्या जागी जोरजोरात श्वास सोडत बसेल म्हणून सांगते, त्याने चक्कर येईल, चरबी हलणार नाही. आधी ती जळायला हवी, म्हणजे ताटात कमी आणि पायाला काम जास्त. डाएटच्या पहिल्या आठवड्यात भराभर उतरतं त्यातही बरंचसं पाणीच असतं. आणि हो, काहीही न करता वजन घटत असेल तर खूश होऊ नका, डॉक्टरांकडे जाऊन साखर आणि थायरॉइड तपासून घ्या.

वजन करायचं तर सकाळी उठल्यावर, रिकाम्या पोटी. जिममधून आल्या आल्या काट्यावर चढणाऱ्यांशी वाद घालू नका असं म्हणणार होते, पण घालाच.