'ऑपरेशन' म्हणजे नेमकं कोणतं?
वाचकांचे प्रश्न : लैंगिक व प्रजनन आरोग्यातलं संशोधन

प्रश्न : समाजशास्त्रात एम.ए. झालंय. प्रजनन आरोग्यावर पीएच.डी. करायची आहे, पण मी डॉक्टर नाही. माझ्यासारखीला इथे वाव आहे का? (सोलापूर)

उत्तर : भरपूर वाव आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ज्या संस्थेमार्फत होतं, ती आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था मुंबईत देवनारला आहे. ती 1956 मध्ये सुरू झाली, आणि तिचा पाया लोकसंख्याशास्त्राचा आहे. प्रयोगशाळेतल्या कामाची ओढ असेल तर परळची राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्था बघा. नेट ही पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 रुपये आणि नंतर 42,000. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान 3 आणि कमाल 6 वर्षं मिळतात. स्त्रियांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे आणि 240 दिवसांपर्यंत बाळंतपणाची रजा वेगळी. मार्गदर्शक ठरवण्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठा आणि एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) परवानगी यायला किती महिने लागले ते विचारा. या विषयात वेळ जातो तो तिथेच.

प्रश्न : प्रजनन आरोग्याच्या सर्वेक्षणाच्या पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीत, बायका 'काही त्रास नाही' एवढंच सांगतात. प्रश्नावलीत चूक आहे का? (बीड)

उत्तर : बहुधा शब्दांत आहे, आणि थोडी जागेत. 'तुमचं ऑपरेशन झालंय का?' असं विचारलं की गावातली बाई कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनबद्दल उत्तर देते. गर्भाशय काढलं असेल तर ती 'पिशवी काढली' म्हणते, क्युरेटिंग झालं असेल तर 'पिशवी साफ केली'. तिन्ही उत्तरं एकाच रकान्यात पडली की पुढचं सगळं विश्लेषण वाया जातं. बीडमध्ये तर हा फरक सांभाळायलाच हवा. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये इथूनच पुढे आला. म्हणून तीन वेगळे प्रश्न ठेवा, त्याच शब्दांत: बाळ होणं बंद करायचं ऑपरेशन, पिशवी काढणं, पिशवी साफ करणं. कॉपर-टीला 'तांबी'च म्हणा. 'श्वेतप्रदर' हा शब्द कागदावर राहू द्या, तोंडी 'अंगावरून पांढरं जातं का?' असंच विचारा. मराठी प्रश्नावली दुसऱ्या माणसाकडून पुन्हा इंग्रजीत करून घ्या आणि मूळ मसुद्याशी ताडून पाहा. अर्थ कुठे घसरला ते तिथे कळतं.

दुसरं असं की तक्रार आणि आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बायकांची तपासणी केली. 1989 साली ते काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. तक्रार होती 55 टक्के बायकांची. तपासणीत स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार सापडला 92 टक्क्यांना. तुम्ही नुसत्या मुलाखती घेणार असाल तर निष्कर्षात 'आजाराचं प्रमाण' लिहू नका, 'सांगितलेल्या तक्रारी' लिहा. या दोन शब्दांची गल्लत परीक्षक लगेच पकडतात, आणि पकडायलाच हवी.

आता जागा. सासूबाई ओट्यावर बसलेल्या असताना खरं उत्तर येत नाही. दोघींनी जा. एकीने घरच्यांना शेती, पाणी, रेशन अशी साधी प्रश्नावली घेऊन गुंतवावं, दुसरीने आत बोलावं. कोणी आत आलंच तर लगेच वळता येईल असे लसीकरणाचे दोन-तीन प्रश्न हाताशी ठेवा. एका घरातून एकच बाई घ्या, नाहीतर काय विचारलं ते घरभर होतं. फारच नाजूक प्रश्नांना मतपेटीची पद्धत वापरा: दहा-बारा जणी, प्रत्येकीसमोर आडोसा आणि रंगीत पेट्या, 'हो'साठी एक, 'नाही'साठी एक. प्रश्न मोठ्याने वाचायचा, तिने चिठ्ठी टाकायची. कोणी काय टाकलं ते कळत नाही. कळतं ते गटाचं प्रमाण. त्यामुळे एकेकीच्या वयाशी किंवा शिक्षणाशी उत्तर जोडता येणार नाही, हे आधीच मान्य करा.

प्रश्न : सर्वेक्षणासाठी नमुना किती बायकांचा घ्यावा? (नांदेड)

उत्तर : जे मोजायचंय त्याचं प्रमाण आधी माहीत नसेल तर 50 टक्के धरा. 5 टक्के चूक चालेल असं मानलं की नेहमीच्या सूत्राने (95 टक्के खात्री धरून) 384 येतात. गावं निवडून त्यांतून बायका घेणार असाल तर दुप्पट करा, 768. दहा टक्के नकार धरून 0.9 ने भागा: साधारण 854. पुष्कळ जण 384 वरच थांबतात.

प्रश्न : 16-17 वर्षांच्या मुलींना लैंगिक संबंधांबद्दल विचारता येईल का? (पुणे)

उत्तर : एथिक्स कमिटीच्या मंजुरीने येईल, सर्वसाधारणपणे पालकांची संमती आणि मुलीची स्वतःची लेखी तयारी, दोन्ही लागतात. पण पॉक्सोचं, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचारांपासून संरक्षणाच्या कायद्याचं, कलम 19 विसरू नका. 18 खालच्या मुलीशी लैंगिक संबंध आल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिची संमती असली तरी. म्हणून संमतिपत्रात 'सगळं गुप्त राहील' असं लिहू नका. काय गुप्त राहील आणि काय कळवावं लागेल, हे पहिल्या पानावर सोप्या मराठीत लिहा आणि वाचूनही दाखवा. ज्या मुलीने विश्वासाने सांगितलं तिच्याच घरी पोलीस धाडणारं संशोधन आपल्या हातून होता कामा नये. विषयाला चालत असेल तर 18 ते 21 वयाच्या मुली निवडा, मागच्या वर्षांबद्दल विचारा, आणि त्यातही जोडीदाराचं नाव-गाव मागू नका. समुपदेशकाचा नंबर चिठ्ठीवर देऊ नका, कारण चिठ्ठी घरात सापडते. मोबाइलमध्ये एखाद्या मैत्रिणीच्या नावाने साठवायला सांगा.