मुंबईत किल्ल्याच्या टेकडीवर धावण्याचा सराव कुठे करता येईल?

शीवचा किल्ला. 1669 ते 1677 दरम्यान इंग्रजांनी बांधलेला, स्टेशनपासून चालत जाण्याइतका जवळ. टेकडी छोटी आहे, त्यामुळे नुसता किल्ला धरून अंतर होत नाही. माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सपासून सुरुवात करा, माहेश्वरी उद्यानावरून शीव सर्कल आणि मग पायथा: एका बाजूने साधारण तीन किलोमीटर सपाट रस्ता, अंग छान तापतं.

मग चढ. पावलं आखूड, नजर पाच-सहा फूट पुढे. सुरुवातीला चार फेऱ्या पुरेत. उतरताना मात्र चालाच. थकलेल्या मांड्या पायऱ्यांवर धक्का पेलत नाहीत आणि तो गुडघ्यावर येतो. पावसाळ्यात दगडावर शेवाळ धरतं, तेव्हा चढ सोडून खालीच धावा.